शिंपल्यांची गावे

मराठीच्या अध्यापकाच्या टेबलावर काय असावे याविषयी लोकांच्या काही ठाम कल्पना असतात. न तपासलेल्या उत्तरपत्रिका, ज्ञानेश्वरीची एखादी पाने सुटलेली प्रत, फार तर चहाच्या कपाने उमटवलेले वर्तुळ. माझ्या टेबलावर मात्र गेली दोन वर्षे शंखशिंपले पसरलेले आहेत. येणारा प्रत्येक जण एखादा उचलतो, कानाला लावतो, "समुद्र ऐकू येतो हो!" म्हणतो, आणि मग जरा चाचरत विचारतो, "आपण कॉलेजात मराठीच शिकवता ना?"

मराठीच शिकवतो. शिंपल्यांचे हे लचांड मागे लागले ते आत्यामुळे. आणि खरे सांगायचे तर माझ्या हातून घडलेल्या एका मूर्खपणामुळे.

माझी धाकटी आत्या अंजर्ल्याला राहते. दापोली तालुक्यात जोग नदी समुद्राला मिळते तिथे हे गाव आहे. खाडीच्या या अंगाला अंजर्ले, त्या अंगाला हर्णै. डोंगरावर कड्यावरचा गणपती, खाली नारळी-पोफळी, आणि त्यांच्यापलीकडे लांबच लांब वाळू. आत्याने तीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांना बाराखडी शिकवली. आता तिचे वय ब्याऐंशी. शाळा सुटली की किनाऱ्याने एक फेरी मारायची आणि पदराच्या टोकाला काहीतरी बांधून आणायचे, हा तिचा नेम. ते 'काहीतरी' बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात जाई. आम्हा भाचरांना त्या डब्याला हात लावायची परवानगी नव्हती. लोणच्याच्या बरणीला होती, डब्याला नव्हती!

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. दापोली-मंडणगडकडच्या ज्यांनी तो दिवस पाहिला त्यांना काही सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळणार नाही. आत्याच्या घराची निम्मी कौले गेली, वाडीतल्या पोफळी काडीसारख्या मोडल्या. पावसाळा संपल्यावर आम्ही तिला पुण्याला घेऊन आलो. सामानात दोन ट्रंका, देव आणि तो डबा. पुढे घर शाकारून झाले आणि ती परत निघाली, तेव्हा डबा माझ्याकडे राहिला. मीच म्हटले होते, "राहू दे आत्या, मी नीट मांडून ठेवतो. काचेचं कपाट करू."

आणि एका रविवारी मी मोठ्या उत्साहाने डबा उघडला. आत पावसाचे पाणी शिरून गेलेले. सगळ्याला कुबट वास. प्रत्येक शंखात, प्रत्येक शिंपल्याच्या पोटात कागदाचा एकेक बोळा चिकटून बसलेला. मला वाटले, एकमेकांवर आपटून फुटू नयेत म्हणून आत्याने कागद कोंबले असावेत. मी चिमट्याने ते एकेक ओढून काढले. एका कागदावर अक्षरे दिसली म्हणून उलगडून पाहिला. 'हर्णै, गुरुवार, मोठी सुकती' एवढे लागले. मासळीच्या हिशेबाचा एखादा चिटोरा असेल, असा मी निष्कर्ष काढला. एम.ए.ला मी पाठचिकित्सा शिकवतो, हे इथे नमूद करून ठेवतो. कागद केराच्या टोपलीत गेले. मग मी शिंपले धुतले, आणि अधिक चकचकीत दिसावेत म्हणून एक मोठी कवडी शिरक्यात बुडवली. ती फसफसली. शिंपला म्हणजे अखेर चुनाच. कोकणात पूर्वी शिंपले भाजूनच घराला चुना करीत. आम्लात चुना विरघळतो हे शाळेतले ज्ञान मला कवडी बाहेर काढल्यावर आठवले. तिची झिलई गेली ती गेलीच.

यानंतर नावे शोधण्याचे मनावर घेतले. आमच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्राचे एक सहकारी आहेत. मितभाषी गृहस्थ. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने, म्हणजे १८८३ साली निघालेल्या त्या जुन्या संस्थेने, काढलेली दोन पुस्तके त्यांनी मला दिली. एक जेम्स हॉर्नेल यांचे, १९५१ सालचे; दुसरे दीपक आपटे यांचे, १९९८ सालचे. मी दोन्ही घेऊन बसलो. चित्राशी शिंपला लावून पाहावा, जुळला की नाव लिहावे, इतके सोपे काम असेल अशी माझी समजूत होती. आठ दिवसांत ती साफ उतरली.

पहिला धडा रंगाने दिला. वाळूत मिळणारे ते लहान, चपटे, गुळगुळीत शंख तुम्ही पाहिले असतील. आम्ही त्यांना गुंड्या म्हणत असू. आत्याच्या डब्यात ते मूठभर होते. गुलाबी, राखी, पिवळसर, तपकिरी, कुणावर रेघा, कुणावर ठिपके. मी रंगांप्रमाणे त्यांच्या नऊ जाती पाडल्या आणि वही घेऊन सहकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी एक नजर टाकली आणि नऊच्या नऊ ढीग एकत्र केले. "एकच जात. अंबोनियम व्हेस्टियारियम." एकाच आईची लेकरे, अंगरखे निरनिराळे! लॅटिन नावातही कपड्यांचाच संबंध आहे, हे कोशात पाहिल्यावर मला बरे वाटले. निदान 'गुंड्या' म्हणण्यात आम्ही चुकलो नव्हतो. ओळख पटवायची ती रंगावरून नव्हे. तोंडाचा आकार, वेढ्यांची ठेवण, आतल्या खांबावरच्या घड्या, बिजागरीचे दात यांवरून. रंग उन्हाने उडतो, पाण्याने उतरतो, दात टिकतात. (माणसाचे याच्या उलट आहे.)

दुसरा धडा भोकांचा. कित्येक शिंपल्यांना बिजागरीजवळ एकेक भोक होते, इतके गोल आणि काठाशी इतके सुबक उतरते केलेले, की सोनाराने गिरमिट लावले असावे. आत्याने माळ ओवण्यासाठी ती पाडली, असे मी लहानपणापासून धरून चाललो होतो. ती भोके एका मांसाहारी गोगलगायीची निघाली. नॅटिका वर्गातली ही गोगलगाय वाळूखाली सरपटत जाऊन शिंपल्याला मिठी मारते, तोंडातल्या कानशीसारख्या जिभेने आणि आम्लाने कवच कोरते, आणि आतला जीव खाऊन टाकते. तिचा स्वतःचा शंख इतका गोंडस, इतका गोल आणि तकतकीत, की डब्यातला सर्वांत सुंदर म्हणून मी तो मुलीला दाखवला होता. खुनी आणि बळी एकाच डब्यात शेजारी शेजारी नांदत होते.

तिसऱ्या धड्याने मात्र माझ्या पेशालाच हात घातला. शंखाचे निमुळते टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरावे. तोंड उजव्या हाताला आले तर तो उजवा. जगातले बहुतेक शंख उजवेच असतात. आता आपल्या देवघरातला शंख, मन्नारच्या आखातात आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्याला मिळणारा टर्बिनेला, हाही या हिशेबाने उजवा. लाखात एखादा उलटा निघतो आणि त्याला वाटेल ती किंमत येते. त्याला आपण म्हणतो दक्षिणावर्ती, म्हणजे उजवा. शास्त्र म्हणते डावा! दोघेही बरोबर आहेत. आपल्या परंपरेत शंख टोक खाली करून पाहतात, पाश्चात्त्य शास्त्रज्ञ टोक वर करून. वस्तू तीच, धरण्यात फरक. बाजारात दक्षिणावर्ती म्हणून पुष्कळदा अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा एक निराळाच शंख विकतात, जो जन्मतःच डावा असतो, हेही त्यांनी जाता जाता सांगितले. आमच्या शेजाऱ्यांच्या देव्हाऱ्यात तसा एक आहे. मी अजून त्यांना काही बोललो नाही.

नावे लागत होती. पण प्रत्येक शंख हातात घेतल्यावर सहकारी एकच प्रश्न विचारीत, "हा कुठे मिळाला?"

"अंजर्ल्याला."

"अंजर्ल्याला म्हणजे कुठे? वाळूत, कातळावर, खाडीच्या चिखलात, की कोळ्यांच्या जाळ्यात? कोणत्या महिन्यात?"

मी गप्प. ते समजावून सांगत. दुसऱ्याच्या शंखात बिऱ्हाड करणारे खेकडे शंख कुठून कुठे नेतात. बंदरात पडलेला शंख पुष्कळदा खोल पाण्यातून जाळ्याबरोबर वर आलेला असतो. गाव आणि तारीख नसेल तर शिंपला शोभेचा. असेल तर पुरावा. "आज एखाद्या किनाऱ्यावर जे मिळत नाही ते तीस वर्षांपूर्वी मिळत होतं, हे नुसत्या शिंपल्यावरून कसं सांगणार? ज्यांनी गोळा केले त्यांनी काही लिहून ठेवलं नव्हतं का? अगदी साधी चिठ्ठीसुद्धा?"

'हर्णै, गुरुवार, मोठी सुकती.'

त्या रात्री मी जेवलो नाही म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण जेवणात लक्ष नव्हते. सौभाग्यवतींनी दोनदा विचारले, "अहो, काय झालं?" तिसऱ्यांदा सांगितले. ती म्हणाली, "मग आत्यांना सांगा." मी म्हटले, फोनवर सांगतो. ती म्हणाली, "फोनवर नको."

गेल्या माघी पौर्णिमेला आम्ही तिघे निघालो. कन्या आठवीत आहे. तिला शाळा बुडण्याचा आनंद होता. ताम्हिणी उतरून दापोलीला पोचेपर्यंत मी मनात वाक्ये जुळवीत होतो. दापोलीच्या पुढे रस्ता उताराला लागतो, वाऱ्याला खारट वास येतो, आणि हर्णैच्या आधी एका वळणावर समुद्रात बसलेला सुवर्णदुर्ग दिसतो. एरवी त्या वळणावर मी गाडी थांबवतो. या खेपेस थांबवली नाही.

आत्या पडवीत बसली होती. तिच्या डोळ्यांच्या पडद्याला दोष आला आहे. माणूस आकाराने ओळखते, चेहरा दिसत नाही. जेवणे झाल्यावर मी डबा तिच्यापुढे ठेवला आणि जुळवलेली सगळी वाक्ये विसरून सरळ सांगून टाकले. चिठ्ठ्या मी फेकल्या.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सगळ्या?"

"सगळ्या. तीस-चाळीस असतील."

"एकशे बारा होत्या," आत्या म्हणाली.

मी मान खाली घातली. तिला ती दिसली नसणार. "तुला मारायचं तुझं वय गेलं," ती म्हणाली, "नाहीतर लोणच्याच्या बरणीत हात घातलास तेव्हा मारलं होतं तेवढं तरी मारलं असतं. काढ डबा इकडे."

आणि मग तिने एक शंख हातात घेतला, अंगठा त्याच्या काठावरून फिरवला, आतल्या बाजूला बोट घातले, आणि म्हणाली, "हा कातळावरचा. बघ किती जाड आहे. लाटांचा मार खाणाऱ्याला पातळ राहून चालत नाही. हर्णैच्या किल्ल्यांखालचा." पुढचा घेतला. "ही खाडीतली. चिखलातल्यांना वजन परवडत नाही." लांबट, सुईसारख्या टोकाचा एक होता, पुस्तकात त्याचे नाव टिबिया लागले होते. "हा माझा बोरू!" ती एकदम हसली. "हा हर्णैलाच मिळाला, पण तो तिथला नव्हे हो. जाळ्यातून पडलेला. कोळणीने दिला." खोल पाण्यातला असावा असे सहकाऱ्यांनी सांगितलेच होते. मी तिच्याकडे पाहतच राहिलो. कन्येने न सांगता वही काढली आणि लिहायला सुरुवात केली.

एका शंखावर अंगठा थांबला. "हिला काय केलंस? खरखरीत लागते."

शिरक्याचे सांगावे लागले.

"कवडी आहे ती. मोडीची कवडी. तिच्या पाठीवर माझ्या आजोबांच्या दप्तरासारखी अक्षरं होती."

अक्षरे अजून होती, फिकट झालेली. आणि इथे मला एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. या कवडीला लिनियसने १७५८ साली नाव दिले ते अरेबिका. तिच्या पाठीवरची नक्षी अरबी लिपीसारखी दिसते म्हणून. स्वीडनमधल्या त्या पंडिताला अरबी दिसली, अंजर्ल्याच्या मास्तरणीला मोडी. आता शास्त्रज्ञांनी तिचे कूळ बदलून मॉरिशिया केले आहे, पण अरेबिका कायम आहे. मी आत्याला हे सांगितले. ती म्हणाली, "अरबी त्याला वाचता येत होती का?" मला ठाऊक नव्हते. "मग मोडीही चालेल," ती म्हणाली.

संध्याकाळी ओहोटी होती. अमावास्या-पौर्णिमेला आपल्याकडे दुपारी बाराच्या सुमाराला भरती आणि सहाच्या सुमाराला सुकती असते. पाणी एरवीपेक्षा पुष्कळ मागे हटते आणि कधी न दिसणारे कातळ उघडे पडतात. चिठ्ठीवरची 'मोठी सुकती' ती हीच. आत्याला आता तिथवर चालवत नाही. तिने आम्हाला दोघांना पिटाळले आणि बजावले, "जिवंत असेल ते उचलायचं नाही. उलटा केलेला दगड होता तसा परत ठेवायचा. आणि एखादा शंकूसारखा शंख जिवंत दिसला तर हातसुद्धा लावू नका, त्याला विखारी काटा असतो."

अंजर्ल्याच्या वाळूत लाट मागे सरली की शेकडो त्रिकोणी शिंपले उघडे पडत आणि पुढची लाट यायच्या आत सरसरा वाळूत शिरत. डब्यात ते होते, आतून जांभळे. पण ते इतके चपळ असतील असे त्यांच्याकडे पाहून कधी वाटले नव्हते. चिखलाने लिंपल्यासारखी वाळूची एक गोल पट्टी, शर्टाच्या कॉलरसारखी, कन्येला सापडली. ती त्या खुनी गोगलगायीची अंडी. वाळूत चिकट द्रव कालवून ती असा गळपट्टा करते. पूल ओलांडून हर्णैच्या कातळांवर गेलो तेव्हा कालवे फोडणाऱ्या बाया वाकून काम करीत होत्या, ठक ठक असा एका लयीतला आवाज. कातळाच्या फटींतून जाड कवचाच्या गोगलगायी चिकटून बसलेल्या. एक टर्बो आम्हाला पाहून आत गेला आणि त्याने दार लावून घेतले. पांढरे, फुगीर, दगडासारखे दार! तसली दोन दारे डब्यात होती. मी ती खडे समजून कुंडीत टाकली होती. कुंडीतून परत काढता येतील, एवढे समाधान.

अंधार पडता पडता परत आलो. पूर्वेला चंद्र वर आला होता. आत्या जागीच होती, डबा मांडीवर. रात्री दहापर्यंत आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिने एकेक नग हाताळला. आडे, पाडले, केळशी, मुरुड, कर्दे, लाडघर. किनाऱ्यावरच्या गावांची अशी यादी मी भूगोलाच्या पुस्तकातही पाहिलेली नाही, कारण तिच्यात प्रत्येक गावाच्या मागे एखादे माणूस किंवा एखादी घटना होती. लाडघरची सहल. कर्द्याला सुरूच्या बनात हरवलेली आणि सापडलेली एक चप्पल. साल सांगताना ती म्हणे, "त्या वर्षी अमक्याची मुंज झाली, काढा हिशेब." आम्ही काढत होतो.

एक लहान, पिवळसर, कुबडासारख्या गाठी असलेली कवडी निघाली. ही पूर्वी नाणे म्हणून चालत असे. मालदीवच्या बेटांवरून जहाजे भरभरून येत आणि बंगालच्या बाजारात एकोणिसाव्या शतकापर्यंत तिने व्यवहार होत. आपल्या भाषेत ती 'फुटकी' म्हणून आणि 'मोल' होऊन उरली आहे. वाळूच्या किनाऱ्यावरची ही नव्हे, प्रवाळाच्या बेटांकडची, असे सहकाऱ्यांनी सांगितले होते. मी आत्याला म्हटले, "ही इथली असणं शक्य नाही."

"इथली कुठे म्हणते मी? ही तुळजापूरची. सासूबाईंबरोबर गेले होते तेव्हा माळेतली तुटून पडली, आराधिणीने उचलून हातावर ठेवली." समुद्रापासून सुमारे तीनशे किलोमीटर आत! कन्येने लिहिले, 'तुळजापूर'. त्याआधी ती कुठल्या बेटावरून, कुणाच्या हातांतून तिथे आली असेल ते लिहायला वहीत रकाना नव्हता.

शेवटी राहिला रामेश्वराहून विकत आणलेला बोटे असलेला शंख आणि गोव्यातल्या एका पडक्या घराच्या खिडकीचे शिंपल्याचे तावदान. या दोन्हींना मी घाबरून होतो. २००१ साली सरकारने शंखशिंपल्यांच्या चोवीस जाती वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आणल्या. तावदानाचा शिंपला त्यांत आहे, आणि बोटांच्या शंखांपैकी काही आहेत, काही नाहीत. म्हणजे नीट ओळख पटवणे हा नुसता छंद उरत नाही. आत्याचा शंख त्यांतला नाही, हे सहकाऱ्यांनी पुढे बोटे मोजून सांगितले. तावदान तिच्या लग्नाच्याही आधीचे. त्याची नोंद मात्र करून ठेवली आहे.

एकशे बारांपैकी एकाहत्तर लागले. एक्केचाळीस उरले. आत्या ते पुन्हा पुन्हा हातात घेई, बोटे फिरवी आणि खाली ठेवी. त्यांतले बरेचसे पाहून मला वाटत होते, हे इथलेच, दुसरे कुठले असणार? मी म्हटले, "आत्या, यांच्यावर अंजर्ले लिहू या. बहुतेक बरोबरच असेल."

"नाही," ती म्हणाली. "आठवत नाही म्हणून लिही."

"अगं पण—"

"मी शाळेत हजेरी घेत होते. मूल दिसलं नाही तर गैरहजर लिहायचं. बहुतेक आलं असेल म्हणून हजर लिहीत नव्हते."

तेव्हा एक्केचाळीस चिठ्ठ्यांवर कन्येने 'गाव आठवत नाही' असे लिहिले. एकसारखे लिहून हात दुखला तेव्हा शेवटच्या बारा मी लिहिल्या.

परत आल्यावर सहकाऱ्यांना हे सगळे सांगितले. ते नेहमीप्रमाणे फारसे बोलले नाहीत, पण रम्फियस नावाच्या माणसाची गोष्ट मात्र त्यांनी सांगितली. डच कंपनीचा हा नोकर अंबॉन बेटावर राहून शंखांवर ग्रंथ लिहीत होता. १६७० साली आंधळा झाला, तरी शंख हातांनी चाचपून, दुसऱ्यांकडून लिहवून घेऊन काम चालू ठेवले. तो १७०२ साली वारला आणि ग्रंथ १७०५ साली निघाला. मी फोनवर आत्याला ही हकीकत वाचून दाखवली. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "त्याच्या भाच्याने चिठ्ठ्या नव्हत्या ना फेकल्या?"

काचेचे कपाट अजून व्हायचे आहे. तोवर ते टेबलावरच आहेत, प्रत्येकाच्या पोटात त्याची चिठ्ठी. कुणी उचलून कानाला लावू लागले की मी आधी चिठ्ठी सांभाळतो. परवा आत्याचा फोन आला. सकाळी सकाळी. "एक लागला," ती म्हणाली. "तो पांढरा, तपकिरी डागांचा, वेढ्यांमध्ये खाच असलेला. रात्री आठवलं. केळशीचा. पाऊस नुकताच संपला होता, आणि तुझा बाप बरोबर होता."

बॅबिलोनिया. मी चिठ्ठी काढली, 'गाव आठवत नाही' यावर रेघ मारली आणि खाली लिहिले. आता चाळीस.